सासूबाईंचं विरजण

रविवार, नऊ तारीख. सूक्ष्मजीवांच्या संग्रहालयाची दोन तिकिटं, एकशे वीस रुपये. हजर मी, सौ. आणि तिच्या पिशवीतली विरजणाची डबी.

हे विरजण तिने लग्नानंतर आईकडून आणलेलं, सव्वीस वर्षं रोज पुढे चालवलेलं. घरून नेलेलं काहीही तिथे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात, म्हणून ती डबी. मला धाकधूक होती. उन्हाळ्यात ती माहेरी असताना मी स्वच्छतेच्या भरात दह्याचं भांडं उकळत्या पाण्याने धुऊन टाकलं होतं, आणि खालच्या निमाताईंकडून वाटीत विरजण आणून गुपचूप दही लावलं होतं.

काचेखाली बारीक काड्या आणि मण्यांच्या माळा दिसत होत्या. सौ. बराच वेळ डोळा लावून होती.

"आईचंच ना गं हे?" तिने तिथल्या मुलीला विचारलं.

"नुसतं बघून नाही सांगता येत, काकू."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण तेवढ्यात आठवलं, निमाताई राहायला आल्या तेव्हा त्यांना पहिलं विरजण आमच्याच घरातून गेलं होतं. मग मी आणलं ते परकं की घरचंच? मधल्या वर्षांत दूध त्यांचं, हात त्यांचे, फडताळ त्यांचं. नातं कुठून मोजायचं, मला अजून कळलेलं नाही.

परतताना मी सगळं सांगून टाकलं. सौ.ने एवढंच विचारलं,

"त्यांची वाटी परत केलीत?"

केली नव्हती.

"रिकामी देऊ नका."

सोमवारी सकाळी ती वाटी दह्याने काठोकाठ भरून निमाताईंना पोचती केली.