दामूचा फ्यूज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, कारण दामू तिचाच धाकटा भाऊ. तुम्हाला सांगतोय तर नीटच सांगतो.

अठ्ठ्याहत्तर सालची भीमजयंती. नाशकातल्या आमच्या कॉलनीची मिरवणूक, आणि त्या वर्षी काय थाट होता म्हणून सांगू. ट्रकवर गायनपार्टी, कर्णे, रंगीत बल्बांच्या माळा — सगळं दोन मोठ्या बॅटऱ्या एकत्र जोडून त्यांच्यावर. बॅटऱ्या दामूच्या, तो निफाडला ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. फ्यूजही त्यानंच निवडला, पंधरा अँपिअरचा. जरा मोठा टाक की, मी म्हटलं. तर म्हणाला, "दाजी, जळायचं तर फ्यूजनं जळावं, वायरीनं नाय." मला हसू आलं. मी कारकून, पण घरचा रेडिओ उघडता येतो म्हणून स्वतःला फार शहाणा समजायचो.

गाणं ऐन रंगात आलं. म्हातारेसुद्धा नाचत होते, दामू तर सगळ्यांच्या पुढे — आणि फ्यूज उडाला. त्याला हाक मारायला हवी होती, नाही का? निदान तो का उडाला, ते तरी बघायचं? मी मात्र त्या जागी जाड तांब्याची तार पिळून बसवली. आवाज आला, टाळ्या पडल्या, मी खूश. दोन मिनिटांत धूर. माळेची वायर ट्रकवरच्या एका खुर्चीच्या पायाखाली चेंगरली होती. फ्यूजला ते कळलं होतं, मला नाही.

मी जोडणी उपटली. कुणाला काही झालं नाही. लोकांनी गाणं तसंच, कर्ण्यांशिवाय उचललं — इतकी सुंदर मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही. पण काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो — दामूचा फ्यूज चुकला. तार माझ्या खिशात होती. दामूनं हसत कान पकडले. दाजी म्हणतात म्हणजे तसंच असणार.

पुढे पंच्याऐंशीत त्याच्या मुलीचं लग्न. निफाडच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून मांडवात पुन्हा बॅटऱ्या. दामूनं त्या आणून ठेवल्या आणि बाजूला झाला. "दाजी, फ्यूज तुमीच निवडा. माझा अंदाज चुकतो." उभा जन्म बॅटऱ्यांत काढलेला माणूस हे म्हणत होता, तेही हसत. तेव्हा तरी बोलायचं — पण नाही.

मी पंधराचाच लावला. मांडव उजळला, नवरी हसली, दामू बेभान नाचला. आणि नाचता नाचता येईल त्याला सांगत होता, आमच्या दाजींना यातलं सगळं कळतं. मी मान डोलावत होतो.