चौकटीबाहेरची मेंढरं

मेंढरांचा फोटो काढायचा नाही, असा आमच्या घरात दंडक होता. कळपाला नजर लागते, मेंढरं आजारी पडतात, असं आबांचं म्हणणं. आबा म्हणजे माझे वडील. अख्खा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. गावामागच्या राखीव रानात मी मोबाइल वर केला की ते काठी आडवी धरून कळप मागे रेटायचे. मीही लाडात येऊन, आबा, अजून जरा बाजूला व्हा, म्हणायचे. खरं सांगायचं तर माझं कारण नजरेचं नव्हतं. मी वसमतला कॉलेजात होते. मैत्रिणींना पळस दिसावा, झरा दिसावा, लेंड्या दिसू नयेत, एवढीच माझी धडपड.

या झऱ्यावरच आमचं सगळं अवलंबून. होळी झाली की आसपासचे ओढे आटतात, पण त्याला पाणी टिकून असतं. पाऊस येईपर्यंत आमची मेंढरं तिथेच पाणी पितात, आबांच्या आज्यापासून. कुणी कधी अडवलं नाही आणि कुणी कधी लिहूनही ठेवलं नाही.

अभ्यासासाठी शहरातून एक मॅडम आमच्या गावात आल्या तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. लोक रानात येऊन कशात रमतात, ते त्यांनी सोशल मीडियावर टाकलेल्या फोटोंवरून शोधायचं, असं त्यांचं काम होतं. माणसाला विचारलं तर तो शोभेल असं बोलतो, फोटोत मात्र मनातलं उतरतं, असं त्या म्हणायच्या. मला हे भयंकर आवडलं. त्यांना रानातली जागा न् जागा ओळखणारं कुणीतरी हवं होतं, आणि मी तर तिथेच वाढलेली.

दोन-अडीच महिने मी त्या फोटोंचे ढीग लावत होते. सूर्यास्त एकीकडे, पाणी एकीकडे, पक्षी एकीकडे, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या पंगती एकीकडे. सगळ्यात मोठा ढीग स्वतःच्या तोंडाचा. हिंगोलीचा एक गृहस्थ दर रविवारी त्याच खडकावर, त्याच गॉगलमध्ये, त्याच बाजूला मान वळवून बसलेला असायचा. मॅडम आणि मी त्याला 'खडकाचे मालक' म्हणून हसायचो. माझे जुने फोटो त्यांनी मागितले, तेही मी दिले.

त्या आमच्या घरी जेवल्या. आबांनी त्यांना स्वतः झऱ्यावर नेलं, बाभळीखाली घोंगडं अंथरून दिलं. कळप पाण्यावर उतरला तेव्हा त्यांनी मोबाइल काढला. मी हळूच नजरेचं सांगितलं, तसा त्यांनी तो लगेच पिशवीत ठेवला. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! म्हणून आमच्या लोकांच्या फोटोंत मेंढरं नसतात, हेही मी त्यांना समजावलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, हे फार महत्त्वाचं सांगितलंस. त्या एका रेघेवर मी विश्वास ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात पंचायतीत बैठक झाली. वनखात्याचे साहेब आले होते. मी आबांना मुद्दाम पुढे बसवलं. आपल्या लेकीचं काम पाहायला ते धुतलेला पटका बांधून आले होते.

मॅडमनी भिंतीवर फोटो दाखवले. लोकांना सर्वात जास्त झरा आवडतो, म्हणाल्या. गावकरीसुद्धा तिथे फिरायला आणि फोटो काढायलाच येतात, चराईचा वापर कुठे आढळला नाही. मग साहेबांनी सांगितलं, झऱ्याला जाळीचं कुंपण होईल, फोटोसाठी ओटा होईल आणि जनावरं बंद.

मी उठले. "मॅडम, तुमी सोता बघितलंय. आमच्या घोंगड्यावर बसून बघितलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मायेनं पाहिलं, त्याचाच मला जास्त राग आला. "तू म्हणतेस ते खरंच आहे गं. पण हा अभ्यास फोटोंचा आहे. फोटोत नाही ते मी कसं लिहू?"

आणि नमुना म्हणून त्यांनी जो फोटो लावला होता, तो माझा होता. काठोकाठ झरा, फुललेला पळस, मागचा उतार मोकळा. त्या मोकळ्या उताराच्या डावीकडे, चौकटीबाहेर दोन पावलांवर, आबा काठी आडवी धरून उभे होते. हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मॅडमनी मला फसवलं, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत राहिले. ते खरंच आहे. वहीतली ती रेघ त्या विसरल्या नव्हत्या, त्यांनी ती सोयीनं बाजूला ठेवली. पण आबा कुणालाच काही बोलले नाहीत. मॅडमना नाही आणि मलाही नाही. मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या.

कुंपण झालं. या उन्हाळ्यात आबा मेंढरं दुपारी निम्म्या वाटेवरून हट्टा गावाकडे वळवतात, लांबच्या विहिरीवर. परवा मी त्यांच्यासोबत गेले. त्या दिवशी ते वळले नाहीत, थेट झऱ्याच्या जाळीजवळ जाऊन थांबले. सवयीनं मेंढरंही थांबली, पाण्याच्या वासानं जाळीला तोंड लावून उभी राहिली. आबा म्हणाले, "काढ फोटो."

मी म्हटलं, "मेंढरांचा? काहून? नजर लागंल."

"लागायची ती लागून गेली," ते म्हणाले. "काढ तू. समदी येऊ दे. म्या बी."

ते कळपाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. कुठे पाहायचं ते त्यांना कळेना, म्हणून माझ्याकडेच पाहत राहिले. मी मोबाइल वर केला. सवयीनं ते डावीकडे दोन पावलं सरकले, काठी आडवी झाली, आणि मला ओरडून सांगावं लागलं, आबा, आत या.