विभूतीवरची रेघ

छप्पन-सत्तावन्नच्या सुमारास माझा मामा कुंभकोणमहून आडुतुरैला जाणाऱ्या रस्त्यावर भाताची गिरणी चालवायचा. गिरणीचा मुख्य दांडा फार जुना होता आणि मामा दिवसभर त्याच्याच शेजारी उभा असायचा. दांड्याला बारीक तडा गेलाय असा मला संशय होता. मी नुकताच बंगळूरहून इंजिनियर होऊन आलो होतो, त्यामुळे माझे संशय घरात कोणी मनावर घेत नसे.

लोखंडसुद्धा थकतं हे मामाला पटेना. त्याच्या मते थकायची ती नोकरीतली माणसं.

म्हणून मी पुरावाच दाखवायचं ठरवलं. दांड्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर चिकटवला. गिरणी थांबली की दांड्याचं एक टोक जखडायचं, तो फिरवणाऱ्या पट्ट्याला पोती टांगून त्याला पीळ द्यायचा आणि खास काचेतून पाहायचं. जिथे ताण जास्त, तिथे रंगांचे पट्टे दाटीनं उमटत. तड्याच्या टोकापाशी ते अगदी गच्च झाले होते, आणि ते टोक दर आठवड्याला थोडं पुढे सरकत होतं.

मामानं काचेतून पाहिलं. "उदंड बरें दिसतें की रे!" असं आमच्या तिकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून भात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते रंग दाखवू लागला. मामीनं तसल्याच रंगांचं रेशमी लुगडं मागितलं. गिरणी बंद करा म्हणून मी घसा कोरडा केला, पण ऐन सुगीत माझं कोण ऐकणार?

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी, अंघोळ आणि पूजा. मामीनं रॉकेल आणि काथ्या घेऊन सगळी गिरणी घासली, त्यात माझा थरही खरवडून काढला. "कसलासा पापुद्रा चिकटला होता," असं मलाच सांगितलं. दांड्यावर विभूतीचे पांढरे पट्टे ओढले, कुंकू लावलं. रागानं मी जेवलो नाही. प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, मात्र खाल्लं.

सकाळी गिरणी सुरू करायला गेलो, तर विभूतीत एक काळपट, ओली रेघ उमटलेली. तड्यात शिरलेलं रॉकेल पाझरून वर आलं होतं. हे मी समजावून सांगणार, तोच मामानं हात जोडले.

"देव सांगतो आहे! गिरणी थांबवा!"

माझ्या इतक्या आठवड्यांच्या कंठशोषाचा कुठे उल्लेखही नाही.

दांडा काढून बैलगाडीत चढवताना निसटला, दगडावर आपटला आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले. मामानं तुकडे पाहिले, मग आपली रोजची उभं राहायची जागा पाहिली.

"तुझ्या कांचेंत हें दिसत होतें?"

"होतें, मामा."

"मग मोठ्यानें सांगायचें होतेंस की रे!"

मी काहीतरी खोचक बोलणार होतो. पण तो अजून त्या जागेकडेच पाहत होता, म्हणून नुसतेच त्याचे हात धरून ठेवले.