शिकागोची सकाळ

दरवर्षी सातवीच्या वर्गात मी जगाच्या वेळा शिकवतो. पडदे ओढतो, लिंबात दोन टाचण्या टोचतो. एक म्हैसूर, दुसरी जवळजवळ पलीकडच्या अंगाला, शिकागो. मग विजेरीच्या उजेडात लिंबू हळूहळू फिरवतो आणि विचारतो, "इथे संध्याकाळचे सात वाजलेत. तिथे?"

"मॉर्निंग, सर!" सगळा वर्ग ओरडतो.

माझा थोरला भाऊ शिकागोत असतो. त्याचे फोन माझ्या मोबाइलवर, मी शाळेत असताना यायचे आणि आईकडे स्वतःचा फोन नव्हता. म्हैसुरातल्या चामराजपुरमच्या आमच्या घरात संध्याकाळी दिवा लावून झाला, की ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "दादाला फोन लावून देतोस काय रे?"

मी वह्या तपासत असायचो. फोन लागला की भाऊ विचारणार, डॉक्टरकडे नेलंस का, गोळ्या बदलल्या का. सगळं करणारा मी आणि जाब विचारणारा तो. ते टाळायला मी म्हणायचो, "आता तिकडे रात्र आहे, आई. झोपला असेल."

भूगोलाचा मास्तरच सांगतोय म्हटल्यावर ती मुकाट्याने परत जायची.

एकदा स्वयंपाकघरात मी या पाठाची तयारी करत होतो, ती तिने शेजारी बसून पाहिली. त्या संध्याकाळीही मी तेच उत्तर दिलं. ती थबकली. "अय्यो, इथेही अंधार, तिथेही अंधार? मग सूर्य गेला कुठे?"

"थंडी आहे ना तिकडे. उशिरा उजाडतं."

"हौदा? असं होय?" इतकंच म्हणून ती आत गेली. त्यानंतर तिने फोन लावून मागितला नाही. चार महिन्यांनी ती गेली.

दिवसकार्याला आलेल्या भावाने विचारलं, "आई माझ्यावर रागावली होती का रे? कधी फोनच नाही केला तिने." मी कॉफी करायला उठलो.

तेराव्यानंतर देवघर आवरताना समईच्या मागे एक वाळून काळं पडलेलं लिंबू सापडलं. त्यात दोन टाचण्या होत्या, समोरासमोर टोचलेल्या. समईच्या उजेडात तिने ते किती वेळा फिरवून पाहिलं असेल, कोण जाणे.

भाऊ दारात उभा होता. "काय रे ते?"

"शाळेचं आहे," मी म्हणालो.

ते लिंबू अजून माझ्या कपाटात आहे. वर्गात मी दरवर्षी नवं नेतो.