पडली ती लागली

दिलीप गेल्याची ई-मेल ऑफिसात आली, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुःख नंतर आलं... महिना झाला, खोटं कशाला लिहू?

दर रविवारी दुपारी इथं परदेशात, अर्विंगला त्याच्या घरी आम्हा पाचजणांचा पोकर चाले. पैसे लावायचे नाहीत, हरेल त्यानं चहाची भांडी घासायची. नियम मात्र दिलीपचे, आणि ते कोर्टापेक्षा कडक. चिप्स, म्हणजे डाव लावायच्या प्लास्टिकच्या चकत्या, पुढ्यात रचून ठेवायच्या, मधल्या ढिगात फेकायच्या नाहीत, लावायच्या त्या एकदम पुढे सरकवायच्या. टेबलावर आखलेल्या रेषेपलीकडे पडली ती लागली. एकदा मी दोन ठेवून आणखी तीन घ्यायला हात मागे नेला, तर माझ्या नव्या नवरीसमोर त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, हे पुण्यात चालत असेल. सगळे हसले. मी तीन वर्षं ते मनात धरून होतो.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आजाराचं नाव त्यानंच सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सवलत मागितली : किती लावतो ते तोंडानं बोलेन, तेवढं चालवून घ्या. आम्ही माना डोलावल्या.

पुढच्याच रविवारी तो "दोन" म्हणाला आणि हातातली अख्खी चळत रेषेपलीकडे सांडली. पत्ते वाटायची आणि निकाल द्यायची पाळी माझी होती, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते.

"पडली ती लागली, दिलीप," मी म्हणालो. "रूल तुझाच आहे यार."

तो हरला, उठला, भांडी घासायला गेला. सिंकमध्ये कप फुटल्याचा आवाज आला आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्यानंतर खेळ माझ्याकडे भरू लागला. त्याला कुणी बोलावलं नाही, मी तर नाहीच.

परवा त्याच्या बायकोला भेटायला त्यांच्या घरी गेलो. नलिनीवहिनींनी जेवायच्या टेबलापाशी बसवलं. चिप्स तिथंच होत्या, बहुतेक विखुरलेल्या.

"रोज सकाळी प्रॅक्टिस करायचा, भाऊजी. पाच चिप्स न सांडता पुढे सरकवता आल्या की तुम्हाला फोन करणार होता. परत खेळात घ्याल का विचारायला."

"किती जमल्या?"

"तीन."

त्या तीन अजून एकावर एक उभ्या आहेत. वहिनी तिथं जेवण वाढत नाहीत, टेबल पुसतही नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खेळ कॅन्सल केला नाही.