गयाचा डोळा आणि काशीमायचा खड्डा

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उभा जन्म गेला, की औषधांची नावं विसरतात, किस्से मात्र साचत जातात. लोक म्हणतात, काही हसण्यासारखं सांग. सांगतो. पण यातला एकही घडताना मला हसू आलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो!

* * *

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. कारंज्याच्या आमच्या डॉक्टरसाहेबांनी विलायतेच्या मासिकात वाचलं, की डोळा चुन्याने भाजला तर बुबुळावर लाल शिरा चढतात आणि नजर झाकून टाकतात. बाळामागून पडणाऱ्या वारेचा पातळ पडदा त्यावर शिवला, तर शिरा थांबू शकतात.

साहेबांनी लगेच गावच्या सुईणीला, काशीमायला, बोलावलं. "वार पुरू नका, मला आणून द्या."

काशीमाय ताडकन उठली. "वार काय कोथिंबिरीची जुडी हाय? दुसऱ्याच्या हाती गेली तं मायचं दूध आटते! चाळीस वर्सं झाले, माह्या हातानं पुरून राह्यली, वर गोटा ठिवून!"

त्या दिवसापासून दवाखाना दिसला की ती रस्ताच बदलायची.

* * *

वार मिळेना, म्हणून साहेब अंड्याच्या आतल्या पापुद्र्यावर शिवणीचा सराव करू लागले. आणि दवाखान्याचे घरमालक शेठजी पक्के जैन! मी कापसाच्या पेटीत अंडी लपवून आणायचो आणि वाटभर देवाचं नाव घ्यायचो. एकदा शेठजींनीच अडवलं.

"कापूस इतका जपून कायले नेऊन राह्यला?"

"नाजूक हाय, शेठजी."

"मंग तुह्या हातात कायले? पाय पाह्य कसे लटपटून राह्यले!" असं म्हणून शेठजींनी पेटी घेतली आणि स्वतः, अगदी सांभाळून, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली!

* * *

मग ती वेळ आमच्याच घरावर आली. माझी धाकटी बहीण गया आसेगावहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा एक डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. दिवाळीआधी भिंती पांढऱ्या करायला चुना भिजत घातला होता. नको म्हटलं तरी ही ढवळायला बसली, आणि उकळता चुना उडाला तो नेमका चांगल्या डोळ्यात! मी घागरीवर घागर ओतली, पण व्हायचं ते होऊन गेलं.

साहेब रोज भिंग लावून त्या डोळ्याचं चित्र काढायचे. प्रत्येक चित्रात लाल शिरा थोड्या पुढे. तिसऱ्या आठवड्यात बाहुली तिळाएवढीच दूर राहिली.

"दादा, लेकराचं तोंड दिसन ना मले?"

"काहून नाही दिसन?" मी म्हणायचो, आणि औषधाच्या खोलीत जाऊन रडायचो.

* * *

ज्या ज्या घरी बाळंतीण होती, तिथे वारेसाठी हात जोडून गेलो. सासवांनी दारं लावली. एका पाटलाला मात्र फार दया आली.

"गावभर कायले फिरून राह्यला बाप्पा? आमची म्हैस आजच व्याली. घेऊन जा, टोपलंभर हाय!"

हे साहेबांना सांगितलं, तर साहेब क्षणभर खरंच विचारात पडले!

* * *

आता उरलं गयाचंच बाळंतपण. बाळ आधी येतं की शिरा आधी पोचतात, एवढंच बघायचं होतं. आमची आईही काशीमायच्याच बाजूची. "वार घराबाहेर जाणार नाही," तिने बजावलं होतं.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. साहेबांनी उकळलेल्या मिठाच्या पाण्याची बरणी दिली, ती मी खोलीच्या दाराशी, आतल्या बाजूला ठेवली. काशीमायने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मुलगी झाली. थोड्या वेळाने काशीमाय फडक्यात वार घेऊन अंगणात आली. खड्डा केला, पुरली, हळदकुंकू वाहिलं, वर गोटा ठेवला. सगळं घर बघत होतं. मला रडू फुटलं.

"काशीमाय, हे काय केलं वो तुमी!"

"पुरली. साऱ्याइनं पाह्यलं ना?"

"पाह्यलं."

"मंग झालं. अन् रडून नको राहू इथं. दारातली बरणी उचल, कोणाचा पाय लागन."

बरणी उचलली. पाण्यात वारेवरून सोललेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा तरंगत होता. मी आईकडे बघितलं, तर ती गोट्याला नमस्कार करत होती.

* * *

साहेबांनी पडदा शिवला. पुढचे दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. अखेर दवाखान्यात पट्टी काढायचा दिवस आला. गयाच्या मांडीवर बाळ. साहेबांनी पट्टी सोडली.

"काय दिसतं?"

गया बाळाकडे बघतच राहिली, किती वेळ! मग मान वर करून खिडकीकडे बघितलं.

"दादा, काशीमाय उभी हाय खिडकीभाईर. पदर तोंडात धरून रडून राह्यली."

बाहेरून लगेच आवाज आला, "मी कायले रडू? मी तं मीठ मागाले आली होती!"