काउंटरवरचा रुमाल

हॅलिफॅक्सच्या ग्रोसरीतून आणलेली व्हिनेगरमधल्या मिरच्यांची बाटली आज उघडली, आणि त्या वासासरशी मी थेट स्पेनच्या बास्क मुलुखातल्या एका गल्लीत जाऊन उभी राहिले. तिथली रीतच अशी, की एका बारमध्ये उभ्यानं छोटा ग्लास वाइन, काडीला टोचलेला एक घास, आणि लगेच पुढचा बार. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरायचे. सुधीर, माझा नवरा, म्हणाला, "तू ये सावकाश. मी पुढे जाऊन जागा धरतो."

मी पोचले, तर यानं एसटीत टाकावा तसा काउंटरवर रुमाल टाकलेला! बारवाल्यानं तो उचलून सांडलेली वाइन पुसली. सगळे हसले, सुधीर सगळ्यांत मोठ्यानं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गेल्या विंटरमध्ये हॉस्पिटलच्या बेडवरून तो हसत पुन्हा तेच म्हणाला, "तू ये सावकाश." मी चिडले, "गप रे, काहीतरीच बोलतोस."

आज मी दोन काड्यांना मिरच्या टोचल्या. किचनच्या काउंटरवर त्याचा रुमाल टाकला आणि शेजारी उभी राहून खाल्लं. एवढ्या रिकाम्या घरात जागा धरायची खरं तर काही गरज नव्हती.